दंड भरला म्हणजे प्रकरण मिटले काय?
अमेरिकेतील पेन्सिल्व्हेनिया राज्यात २१ वर्षांखालील व्यक्तीने मद्य बाळगले वा प्राशन केले असता पोलीस तिला जे ‘सायटेशन’ (न्यायालयास उत्तर देण्यास फर्मावणारी आरोपपत्रिका) देतात, ते केवळ दंडाचे बिल होय आणि रक्कम भरताच प्रकरण निकालात निघते, असा समज पुष्कळांचा असतो. वाण्याची उधारी चुकती केली की खातेवहीतले नाव कटते. येथे मात्र रक्कम भरणे हाच गुन्ह्याचा कबुलीजबाब ठरून नाव दप्तरी चढते. म्हणून दहा दिवसांच्या मुदतीत आरोप नाकबूल करून सुनावणी मागणे हा आरोपीचा पुरता हक्क आहे, आणि तो बजावण्यात न्यायासनाचा अवमान मुळीच नाही. पहिल्याच अपराधात, प्रबोधनवर्ग वा समाजसेवा पूर्ण केल्यास दोषसिद्धी टळेल अशी सवलतही कित्येकदा मिळू शकते. निकाल विरुद्ध गेल्यास तीस दिवसांत अपील करता येते व वरिष्ठ न्यायालय प्रकरण नव्याने ऐकते. दोषसिद्धी झालीच, तर शिक्षेच्या अटी पुऱ्या केल्यावर, वयाची २१ वर्षे पूर्ण होताच निर्लेखनाचा (नोंद पुसून टाकण्याचा) अर्ज करता येतो. तथापि अमेरिकी व्हिसाच्या अर्जातील अटक व दोषसिद्धीविषयीचा प्रश्न माफी मिळालेल्या प्रकरणांनाही लागू असल्याने, तेथे शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्याने कबुली देण्यापूर्वीच स्थलांतरविषयक कायदा जाणणाऱ्या वकिलाचा सल्ला अवश्य घ्यावा.