पब्जी, हिंसा आणि व्यसन

■ याचिका : २०१९मध्ये ११ वर्षांच्या मुलाने आईमार्फत मुंबई उच्च न्यायालयात पब्जी या मोबाइल गेमवर बंदीची मागणी केली.

■ बंदी : २ सप्टेंबर २०२०ला केंद्राने पब्जीसह ११८ अ‍ॅप्स बंद केली, कारण मात्र हिंसा नव्हे, देशाची सुरक्षा.

■ नवा अवतार : २०२१मध्ये ‘बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया’ आला. यात गोळी लागली की हिरवं रक्त उडतं.

■ संशोधन : अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या मते (२०२०) हिंसक गेममुळे आरडाओरडा, ढकलाढकली थोडी वाढते; पण खऱ्या हिंसाचाराचं खापर गेमवर फोडायला पुरावा अपुरा आहे.

■ गेमचं व्यसन हा आजार कधी? : खेळण्यावर ताबा नाही, अभ्यास-झोप मागे पडली, नुकसान दिसूनही हात थांबत नाही, असं साधारण १२ महिने चाललं तर.

■ मदत : मानसिक आरोग्य हेल्पलाइन टेलि-मानस १४४१६ (मोफत, २४ तास).