वारा की वजन? शर्यतीच्या सायकलीची निवड

सुट्टीच्या दिवशी उजाडण्यापूर्वीच बंगळूर शहराच्या उत्तरेकडील बल्लारी रस्त्यावर सायकलस्वारांचे लहानमोठे जथे दिसू लागतात. देवनहळ्ळीच्या बाजूने नंदी डोंगर गाठावा, घाट चढावा व ऊन तापण्यापूर्वी परतावे, असा त्यांचा क्रम असतो. बंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे ९२० मीटर उंचीवर आहे, तर नंदी डोंगराचा माथा १,४७८ मीटर उंचीवर. पायथ्यापर्यंतचा रस्ता बहुतांशी सपाट अथवा सौम्य चढउतारांचा आहे. त्यापुढे मात्र सात-आठ किलोमीटरांची वळणावळणाची चढण लागते.

या एकाच वाटेवर स्वाराच्या दोन भिन्न परीक्षा होतात. सपाटीवर तो वाऱ्याशी झगडतो, घाटात वजनाशी. शर्यतीच्या सायकलींचे म्हणूनच दोन प्रकार झाले आहेत. एकीचा सांगाडा हवा सहज कापील अशा आकाराचा असतो. दुसरीच्या अंगावरील प्रत्येक अनावश्यक ग्रॅम काढून टाकलेला असतो. पदरी एकच सायकल घेण्याइतके पैसे असलेल्या तरुणाने कोणती निवडावी?

स्वाराचे तीन विरोधक

पॅडल मारताना खर्च होणारी शक्ती मुख्यतः तीन ठिकाणी जाते. पहिला विरोध हवेचा. दुसरा गुरुत्वाकर्षणाचा, जो चढावरच जाणवतो. तिसरा टायर रस्त्यावर दबून पुन्हा फुगताना होणारा. साखळीतील घर्षणही काही अंश घेते, परंतु सुस्थितीतील सायकलीत तो अल्प असतो.

यांपैकी हवेच्या विरोधाचा स्वभाव विलक्षण आहे. वेग दुप्पट झाला की हा विरोध चौपट होतो; आणि तो दुप्पट वेगाने ओलांडावयाचा असल्याने त्यासाठी लागणारी शक्ती आठपट होते. वजनाचे तसे नाही. दिलेल्या चढावर वजनाचा विरोध वेग कितीही असला तरी तेवढाच राहतो. सावकाश चालणाऱ्याला वारा जाणवत नाही, धावणाऱ्याला जाणवतो, याचे कारण हेच.

आकाराचे महत्त्व

वाहत्या ओढ्यात गोल खांब रोवला तर त्याच्या पाठीमागे पाणी भोवरे घेत राहते. गोल नळीमागे हवेचेही तसेच होते. नळीच्या पुढे दाब अधिक, मागे भोवऱ्यांच्या प्रदेशात कमी. या फरकामुळे नळी मागे खेचली जाते. तिला पुढे गोलसर व मागे निमुळता होत जाणारा आकार दिला, तर हवा पृष्ठभागाला अधिक काळ धरून राहते व भोवऱ्यांचा पट्टा अरुंद होतो. पृष्ठभागालगतच्या हवेच्या पातळ थराचे हे वर्तन जर्मन शास्त्रज्ञ लुडविग प्रांटल यांनी १९०४ मध्ये प्रथम स्पष्ट केले.

प्रांटल यांच्याच हाताखाली गॉटिंगेन येथे डॉ. विष्णु माधव घाटगे यांनी अध्ययन केले. पुढे बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कारखान्यात त्यांच्या नेतृत्वाखाली एचटी-२ हे शिकाऊ वैमानिकांसाठीचे विमान तयार झाले व १९५१ मध्ये ते उडाले. विमानाच्या पंखाला लागू पडणारे प्रवाहाचे नियम त्याच शहरातील सायकलीच्या नळीलाही लागू पडतात.

मात्र या आकाराला किंमत मोजावी लागते. रुंद, चपट्या नळ्यांना द्रव्य अधिक लागते, त्यामुळे सायकल जड होते. उंच काठाची चाके समोरची हवा चांगली कापतात. परंतु बाजूचा वारा सुटला की तीच शिडासारखी वागतात व हलक्या अंगाच्या स्वाराला हँडल सांभाळणे कठीण जाते.

एका फेरीचा हिशेब

समजा, ६५ किलोग्रॅम वजनाचा एक स्वार एकटाच निघाला आहे. कपडे व पाण्याची बाटली यांचे २ किलोग्रॅम. हलकी सायकल ७ किलोग्रॅमची. दुसरी ८ किलोग्रॅमची, परंतु हवेचा एकूण विरोध सुमारे ३ टक्क्यांनी कमी करणारी. स्वार सतत २०० वॉट शक्ती लावतो.

सपाट रस्त्यावर त्याचा वेग ताशी ३६ किलोमीटरांच्या आसपास राहील. त्या वेगाला २०० पैकी सुमारे १७० वॉट केवळ हवेत जातात. येथे दुसरी सायकल सुमारे ५ वॉट वाचविते, तर तिच्या जादा किलोग्रॅमसाठी अर्धा वॉटही पुरा लागत नाही. ४५ किलोमीटरांच्या सपाटीत, सव्वा तासाच्या प्रवासात, ती सुमारे ४० सेकंद आधी पोहोचते.

आता शेकडा ६ चढ असलेला साडेसात किलोमीटरांचा घाट घ्यावा. तेथे वेग ताशी साडेचौदा किलोमीटरांवर येतो. हवेत आता १२ वॉटच जातात. बाकी जवळजवळ सर्व शक्ती वजन उचलण्यात खर्च होते. सुमारे एकतीस मिनिटांच्या या चढणीत हलकी सायकल जवळपास १८ सेकंदांनी पुढे राहते.

या उदाहरणात दोन्ही सायकली समसमान ठरतात तो चढ शेकडा दोन ते अडीच आहे. त्याहून सौम्य रस्त्यावर आकार जिंकतो, तीव्र रस्त्यावर हलकेपणा. अधिक बलवान स्वाराचा वेग मोठा असल्याने त्याच्यासाठी ही सीमा थोडी वर सरकते. बंगळूरची हवा, तापमान सारखे असता, मुंबईच्या हवेपेक्षा सुमारे एक दशांशाने विरळ आहे. म्हणून त्याच वेगाला आकारापासून होणारी बचतही येथे तितकीच कमी भरते.

आठ सेकंदांचा धडा

फ्रान्सची १९८९ ची प्रसिद्ध प्रदक्षिणा-शर्यत या संदर्भात स्मरणीय आहे. शेवटच्या दिवशी, २३ जुलै रोजी, व्हर्सायपासून पॅरिसपर्यंत २४.५ किलोमीटर अंतर प्रत्येकाने एकट्याने कापावयाचे होते. फ्रान्सचा लोराँ फिन्यों हा अमेरिकेच्या ग्रेग लेमाँडपेक्षा ५० सेकंदांनी पुढे होता. लेमाँडने हात पुढे एकत्र ठेवता येतील असे लांब हँडल व मागे निमुळते शिरस्त्राण वापरले. फिन्यों उघड्या डोक्याने, केसांची शेपटी वाऱ्यावर सोडून निघाला. लेमाँडने तो टप्पा ५८ सेकंद कमी वेळात पुरा केला व तीन आठवड्यांची शर्यत अवघ्या ८ सेकंदांनी जिंकली.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. लेमाँडचा मोठा लाभ सायकलीच्या नळ्यांपेक्षा शरीराच्या ठेवणीतून आला. हवेच्या एकूण विरोधापैकी सुमारे तीन चतुर्थांश विरोध स्वाराच्या अंगामुळे होतो. कोपरे वाकवून पाठ खाली नेली, सदरा अंगाबरोबर बसता घातला, तर होणारी बचत महाग सांगाड्याच्या कितीतरी पट असू शकते. आणि तिला जवळजवळ काहीच खर्च येत नाही.

निवड कशी करावी

वरील फेरीत आकाराची सायकल एकंदर वीस-बावीस सेकंदांनी जिंकते. म्हणून तीच नेहमी घ्यावी असे म्हणता येईल काय? प्रत्यक्ष शर्यत जथ्यात होते. पुढच्याच्या आडोशाने मागच्या स्वाराला हवेचा विरोध बराच कमी लागतो आणि सर्व जण घाटाच्या पायथ्याशी एकत्रच पोहोचतात. सपाटीवरील चाळीस सेकंद तेव्हा हिशेबात राहत नाहीत. घाटातील अठरा सेकंद मात्र पुरते राहतात. त्या वेगाला अठरा सेकंद म्हणजे सत्तर मीटरांहून अधिक अंतर होय. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट प्रथम चढणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणून गौरविले जाते, त्यामागील मर्मही हेच आहे.

हलकेपणालाही मर्यादा आहे. आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने २००० पासून शर्यतीच्या सायकलीचे किमान वजन ६.८ किलोग्रॅम ठरविले. या मर्यादेशी पोहोचल्यावर कारागिरांनी उरलेले कौशल्य आकाराकडे वळविले, आणि २०२० च्या सुमारास दोन्ही गुण बऱ्याच अंशी एकत्र आणणाऱ्या सायकली निघाल्या. त्या अर्थातच महाग आहेत.

ज्याला अशी सायकल परवडत नाही, त्याने दुकानात जाण्यापूर्वी आपला नेहमीचा रस्ता पाहावा. एकट्याने सपाटीवर वेळेशी स्पर्धा करणाऱ्याने आकार निवडावा. घाटाच्या शर्यतीत उतरणाऱ्याने हलकेपणा. ज्याचा निर्णय होत नाही, त्याने अंगाला नेमकी बसणारी साधी सायकल घेऊन चांगले टायर लावावेत व वाकून बसण्याचा सराव करावा. ८ किलोग्रॅमच्या सायकलीवर ६५ किलोग्रॅमचा माणूस बसतो. सुधारणेला वाव कोठे अधिक आहे, हे या दोन आकड्यांवरूनच दिसून येते.