बारावी अर्थशास्त्राचे गाईड घेताय? पैसे देण्याआधी ही पाने उघडून पाहा

दिवाळीची सुट्टी संपली की पुस्तकांच्या दुकानांत गाईड, डायजेस्ट आणि ‘अपेक्षित’ प्रश्नसंचांचे ढीग लागतात. बोर्डाची लेखी परीक्षा फेब्रुवारीत सुरू होते. चुकीचे पुस्तक घेतले तर पैसे जातातच, पण उजळणीचे दिवसही वाया जातात. मग निवड कशी करायची?

पेपर कसा असतो?
लेखी परीक्षा ८० गुणांची, तर तोंडी परीक्षा आणि प्रकल्प मिळून २० गुण. लेखी पेपरमध्ये वस्तुनिष्ठ प्रश्न २० गुणांचे, संकल्पना ओळखणे आणि फरक स्पष्ट करणे १२, थोडक्यात उत्तरे १२, सहमत-असहमत सकारण १२, तक्ता, आकृती किंवा उतारा ८ आणि सविस्तर उत्तरे १६ गुणांची. गाईडमध्ये हे सर्व प्रकार आहेत का, ते अनुक्रमणिकेतच पाहा. नुसती लांबलचक उत्तरे देणारे पुस्तक पुरेसे नाही.

दुकानात काय तपासाल?
१) आवृत्ती : बारावीचे नवे पाठ्यपुस्तक २०२०-२१ पासून लागू झाले. जुन्या पुस्तकांच्या बाजारात त्याआधीची गाईडही मिळतात. गाईडमधील प्रकरणे तुमच्या पाठ्यपुस्तकाशी जुळवून पाहा.

२) मागणीचे प्रकरण : किंमत बदलली की मागणीचा विस्तार किंवा संकोच होतो, पण वक्र तोच राहतो. उत्पन्न किंवा आवड बदलली की वृद्धी किंवा ऱ्हास होतो आणि वक्रच सरकतो. या दोन्हींसाठी वेगवेगळ्या आकृत्या हव्यात. अक्षांना नावे नसतील तर ते पुस्तक खाली ठेवा.

३) निर्देशांक : लासपेअरच्या सूत्रात आधारवर्षाचे नग, तर पाश्चेच्या सूत्रात चालू वर्षाचे नग भार म्हणून घेतात. हेच उलट छापले असेल, तर बाकीच्या उदाहरणांवर विश्वास कसा ठेवणार? गणितात प्रत्येक पायरी दाखवलेली असावी.

४) सहमत-असहमत : फक्त ‘सहमत आहे’ आणि दोन ओळी, एवढ्यावर भागत नाही. उत्तरात कारणे मुद्देसूद हवीत.

‘अपेक्षित’वर विसंबावे का?
सरावासाठी जरूर वापरा. मात्र तक्ता आणि उताऱ्यावरचे प्रश्न पाठांतराने सुटत नाहीत. त्यासाठी प्रकरण समजलेलेच असावे लागते.

पैसे नसतील तर?
बालभारतीच्या संकेतस्थळावर पाठ्यपुस्तकाची पीडीएफ मोफत मिळते. प्रत्येक धड्याचा स्वाध्याय सोडवा, मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिका घड्याळ लावून तीन तासांत लिहा आणि शिक्षकांकडून तपासून घ्या. गाईड घेतलेच, तर आधी स्वतः उत्तर लिहा, मग ते पडताळण्यासाठी गाईड उघडा.