दत्तकाची फाइल आणि कॉलेजची फी

चेंबूरहून ट्रॉम्बेकडे जाणाऱ्या रस्त्याच्या पट्ट्यात, महापालिकेच्या एम-पूर्व विभागात, दोन गोष्टी फार जवळजवळ नांदतात: अनाथ मुलांची दप्तरे आणि उच्च शिक्षणाच्या संस्था. मानखुर्दला चिल्ड्रन्स एड सोसायटीची बालगृहे आहेत. देवनारला टाटा समाजविज्ञान संस्था, म्हणजे 'टिस' आहे आणि अणुशक्तीनगरला होमी भाभा राष्ट्रीय संस्था. बालगृहातल्या मुलाला यांपैकी एखाद्या संस्थेत किंवा शहरातल्या कुठल्याही कॉलेजात शिकायचे असेल, तर त्याची फी कोण भरणार, हे त्याच्या गुणांइतकेच एका कागदावर अवलंबून असते. तो कागद म्हणजे त्याच्या जन्माची आणि पालकत्वाची नोंद. त्या नोंदीबाबत सरकारचे धोरण दोन उलट दिशांनी चालते. मूल दत्तक गेले तर ती नोंद झाकायची, आणि दत्तक गेले नाही तर तीच नोंद दाखवून सवलत मिळवायची.

पट्ट्यातल्या संस्था

मुंबई इलाख्यात मुलांसाठीचा स्वतंत्र कायदा १९२४ साली झाला. त्याच्या अंमलबजावणीसाठी १९२७ मध्ये चिल्ड्रन्स एड सोसायटी स्थापन झाली. डोंगरीचे सुधारगृह आणि मानखुर्दची बालगृहे तिच्याच कक्षेत येतात. टिसची सुरुवात १९३६ साली नागपाड्यात 'सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क' या नावाने झाली. १९५४ मध्ये संस्था देवनारला आली आणि १९६४ मध्ये तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. संकटातल्या मुलांसाठीची १०९८ ही चाइल्डलाइन १९९६ साली याच संस्थेच्या एका प्रकल्पातून उभी राहिली. पट्ट्याच्या पार टोकाला भाभा अणुसंशोधन केंद्राचे प्रशिक्षण विद्यालय आहे. १९५७ पासून चालत आलेल्या या विद्यालयात फीचा हिशेबच उलटा आहे. तिथे निवड झालेल्या पदवीधराला सरकारच विद्यावेतन देते.

२०१८ च्या सुरुवातीला या पट्ट्याशी संबंधित दोन घटना दीड महिन्याच्या अंतराने घडल्या. फेब्रुवारीत टिसच्या विद्यार्थ्यांनी संप पुकारला. भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती घेणाऱ्या अनुसूचित जाती-जमातींच्या मुलांना वसतिगृह आणि भोजनाच्या खर्चात मिळणारी सूट काढून घेतल्याचा हा वाद होता. २ एप्रिलला महाराष्ट्र शासनाने निर्णय काढला, की अनाथ मुलांना शिक्षण आणि सरकारी नोकरीत एक टक्का आरक्षण मिळेल. संप फीचा होता आणि शासन निर्णय नोंदीचा. दोहोंच्या तळाशी प्रश्न एकच होता: ज्याच्या मागे पैसे भरणारे घर नाही, त्याला सरकारी कागद कसा ओळखणार?

राजांची दत्तकविधाने

महाराष्ट्रात दत्तकाची नोंद हा राज्यकारभाराचा विषय फार आधीपासून आहे. १८४८ मध्ये कंपनी सरकारने सातारच्या छत्रपतींचे दत्तकविधान नाकारले आणि राज्य खालसा केले. पुढे झाशीच्या बाबतीतही तेच झाले. १८५७ नंतर हे धोरण बदलले. लॉर्ड कॅनिंगने १८६२ मध्ये संस्थानिकांना दत्तक घेण्याचा हक्क मान्य करणाऱ्या सनदा दिल्या. त्या सनदांमुळे दत्तक वारसांचा मार्ग मोकळा झाला, आणि त्यांपैकी दोघांनी मराठी मुलखातल्या शिक्षणाची घडी बदलली.

नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावचे गोपाळराव २७ मे १८७५ रोजी बडोद्याच्या गादीवर दत्तक गेले आणि सयाजीराव गायकवाड झाले. त्यांनी १८९३ मध्ये अमरेलीत मोफत आणि सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो संपूर्ण संस्थानात लागू केला. १९१३ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर: महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षे.

कागलच्या घाटगे घराण्यातले यशवंतराव १७ मार्च १८८४ रोजी कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले आणि शाहू छत्रपती झाले. १९०१ पासून त्यांनी वसतिगृहांची साखळी उभी केली. २६ जुलै १९०२ रोजी मागासवर्गीयांसाठी नोकऱ्यांत निम्म्या जागा राखल्या आणि १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले. आज महाराष्ट्र सरकार आर्थिकदृष्ट्या मागास विद्यार्थ्यांची कॉलेजची फी ज्या योजनेतून भरते, तिचे नाव 'राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजना' आहे. राज्यातल्या फीमाफीच्या प्रमुख योजनेवर एका दत्तकपुत्राचे नाव आहे, हे अर्ज भरताना कुणाच्या सहसा लक्षात येत नाही.

राजघराण्याबाहेरचे उदाहरण पुण्याचे. जोतीराव फुले यांनी १८६३ मध्ये बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. तिथे एका ब्राह्मण विधवेला झालेले मूल जोतीराव-सावित्रीबाईंनी १८७४ मध्ये दत्तक घेतले. त्याचेही नाव यशवंत. जोतीरावांनी १८८७ च्या मृत्युपत्रात या मुलाला वारस केले आणि पुढे तो डॉक्टर झाला. हे दत्तक त्यांनी लपवले नाही, उलट लिहून ठेवले. आजच्या कायद्याचा कल मात्र वेगळा आहे.

झाकली जाणारी फाइल

भारतात दत्तकाची नोंद दोन प्रकारची असते. हिंदू दत्तक व निर्वाह कायदा, १९५६ नुसार घराघरांत होणाऱ्या दत्तकाचा दस्त दुय्यम निबंधकाकडे नोंदवला जातो. असा दस्त असला की दत्तक कायदेशीर आहे, असे न्यायालय गृहीत धरते. ख्रिस्ती, पारशी आणि मुसलमान कुटुंबांना हा कायदा लागू नव्हता. त्यांना १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली नुसते पालकत्व मिळे, आणि ते मूल सज्ञान झाले की संपे. म्हणजे कॉलेजच्या उंबरठ्यावर पोहोचल्यावर कायद्याच्या लेखी त्या मुलाला आईबाप उरत नसत. बाल न्याय कायदा, २००० आणि त्यातली २००६ ची दुरुस्ती यांनी धर्म न पाहता दत्तकाची वाट खुली केली.

दुसरा प्रकार संस्थेतून होणाऱ्या दत्तकाचा. बाल न्याय कायदा, २०१५ प्रमाणे आईने किंवा आईवडिलांनी मूल बाल कल्याण समितीपुढे सोपवले, तर निर्णय फिरवायला त्यांना ६० दिवस मिळतात. सापडलेल्या मुलाच्या पालकांचा शोध घेऊन समितीला ते दत्तकासाठी मोकळे असल्याचे जाहीर करावे लागते. दोन वर्षांपर्यंतच्या मुलासाठी दोन महिन्यांत, त्याहून मोठ्यासाठी चार महिन्यांत. दत्तकाचा आदेश झाला की दत्तक आईवडिलांच्या नावाने जन्माचा नवा दाखला मिळतो. जुनी फाइल संस्थेकडे राहते आणि तिच्यातली माहिती गुप्त ठेवणे कायद्याने बंधनकारक असते.

आदेश कोणी द्यायचा, यावरही वाद झाला. २०२१ च्या दुरुस्तीने हा अधिकार न्यायालयाकडून जिल्हाधिकाऱ्यांकडे गेला आणि सप्टेंबर २०२२ पासून ती लागू झाली. मुंबई उच्च न्यायालयाने मात्र जानेवारी २०२३ मध्ये आपल्याकडची प्रलंबित प्रकरणे हस्तांतरित करण्यास अंतरिम मनाई केली.

मोठे झालेल्या दत्तक मुलाला आपले मूळ शोधायचे असेल तर नियमांत 'मूळशोधा'ची तरतूद आहे. अठरा वर्षे पूर्ण झालेली व्यक्ती स्वतः अर्ज करू शकते. त्याआधी दत्तक पालकांसह. त्रयस्थाला तो अर्ज करता येत नाही. सोपवताना आईने आपले नाव उघड करू नये असे सांगितले असेल, तर तिची लेखी संमती लागते. या विचाराची पायाभरणी ६ फेब्रुवारी १९८४ च्या लक्ष्मीकांत पांडे खटल्याच्या निकालात आहे. परदेशी जाणाऱ्या मुलांबाबत एका वकिलाने लिहिलेल्या पत्रावरून सर्वोच्च न्यायालयाने हा खटला चालवला. सहा वर्षांनी, १९९० मध्ये, केंद्रीय दत्तक ग्रहण संसाधन प्राधिकरण म्हणजे 'कारा' स्थापन झाले.

दाखवावी लागणारी फाइल

दत्तक गेलेल्या मुलाची फी नव्या आईवडिलांच्या उत्पन्नावरून ठरते. दत्तक न गेलेल्या मुलाकडे ना उत्पन्नाचा दाखला असतो ना जातीचा. अनाथाश्रमात वाढलेली एक तरुणी लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत पुरेसे गुण मिळवूनही नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्र नाही म्हणून अडली, आणि तिच्या पाठपुराव्यातून २०१८ चा आरक्षणाचा निर्णय आला. २०२१ मध्ये तो सुधारला गेला आणि ६ एप्रिल २०२३ च्या निर्णयात अनाथांचे 'संस्थात्मक' आणि 'संस्थाबाह्य' असे दोन गट ठरले. पहिल्यात बालगृहात वाढलेली मुले, दुसऱ्यात आईवडील गेल्यावर नातेवाइकांकडे वाढलेली. सवलतीसाठी महिला व बाल विकास विभागाचे अनाथ प्रमाणपत्र लागते.

८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने फीच्या बाजूला मोठी भर घातली. आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गातल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्नाच्या कुटुंबांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण शुल्कात आणि परीक्षा शुल्कात २०२४-२५ पासून शंभर टक्के सूट मिळाली. त्याच निर्णयात दोन्ही गटांतल्या अनाथ मुलामुलींची सूट पन्नासवरून शंभर टक्क्यांवर नेली. सरकारने वाढीव खर्च सुमारे ९०६ कोटी रुपये धरला. खासगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठे मात्र या सवलतीच्या बाहेर आहेत.

बाहेरच्या देशांत

आयर्लंडने पदवीची शिकवणी फी १९९६ मध्ये बंद केली, पण दत्तक व्यक्तीला आपला जन्माचा दाखला पाहण्याचा निर्विवाद हक्क मिळायला २०२२ चा कायदा यावा लागला. इंग्लंडमध्ये क्रम उलटा: जन्मनोंद पाहण्याचा हक्क १९७५ च्या कायद्याने दिला आणि १९९८ मध्ये विद्यापीठांत फी आली. स्वित्झर्लंडमध्ये १९७९ ते २००२ या काळात भारतातून बावीसशेहून अधिक मुले दत्तक गेली. तिथल्या काही कॅन्टननी जुनी कागदपत्रे तपासून घेतली तेव्हा आईची संमतीपत्रेच फायलींत नसल्याचे दिसले. न केलेली नोंद चाळीस वर्षांनी कायदा करूनही भरून निघत नाही.

पहिल्या दिवसाची नोंद

म्हणूनच बाल कल्याण समितीच्या पहिल्या टिपणाला एवढे महत्त्व आहे. मूल कुठे, कधी, कोणत्या अवस्थेत मिळाले, सोबत काय होते, हे त्यात येते. वय ठरवायला आधी शाळेचा कागद, तो नसेल तर जन्मदाखला, तोही नसेल तर वैद्यकीय तपासणी. समितीने एकदा नोंदवलेले वय कायद्यापुरते खरे मानले जाते. पुढे तेच वय दहावीच्या अर्जावर येते आणि त्यावरूनच मूल अठराव्या वर्षी बालगृहातून बाहेर पडते. कायद्याने त्यानंतर एकविसाव्या वर्षापर्यंत अनुरक्षणाची सोय ठेवली आहे, आणि नेमकी हीच कॉलेजची वर्षे असतात.

फीमाफीसाठी कोट्यवधींची तरतूद होते आणि तिची चर्चाही होते. पण ती तरतूद मुलापर्यंत पोहोचायची तर त्याचे टिपण पंधरा-अठरा वर्षे जपलेले असावे लागते. बंद पडलेल्या संस्थांची रजिस्टरे शासनाने ताब्यात घेऊन त्यांच्या प्रती काढणे, बालगृह सोडणाऱ्या प्रत्येक मुलाच्या हाती अनाथ प्रमाणपत्र आधीच देणे आणि दत्तक गेलेल्यांच्या फायली मूळशोधाच्या अर्जापर्यंत शाबूत ठेवणे, ही कामे फीमाफीच्या तुलनेत फार स्वस्त आहेत. ती झाली नाहीत, तर शंभर टक्के सूट प्रमाणपत्र नसलेल्या मुलासाठी शून्य टक्केच राहते.