चिडलेल्या ग्राहकाला 'काम डाउन' म्हणावं का?

समजा, तुम्ही दाभोळहून हापूसची पेटी बंगळुरूला पाठवलीत. चार दिवसांनी फोन येतो. समोरचे साहेब इंग्रजीतून तापलेत. दोन आंबे कापले, दोन्हींत साका! "धिस इज चीटिंग!" साका बाहेरून दिसत नाही हे आपल्याला ठाऊक आहे, त्यांना नाही. घाईघाईत आपल्या तोंडून निघतं, "सर, प्लीज काम डाउन." आणि साहेब आणखी भडकतात.

शब्द चुकला का? नाही. अर्थ 'शांत होणं' हाच आहे. चुकते ती जागा.

आधी उच्चार. स्पेलिंगमध्ये 'एल' आहे, पण तो मुका. 'काल्म' म्हणू नका. आपलं कामधंद्यातलं 'काम' म्हणतो ना, जवळजवळ तसंच. (म्हणजे 'काम डाउन' ऐकून धंदा बसला असं समजू नका!)

आपोआप शांत होण्यासाठी हा शब्द बिनधास्त वापरा. पावसाळ्यात खवळलेला दर्या नारळी पौर्णिमेच्या सुमारास निवळू लागतो, तेव्हा "द सी इज कामिंग डाउन" म्हणा. पूर्ण निवळला की "द सी हॅज काम्ड डाउन" म्हणा, सरळ काम. मे महिन्यात धोपाव्याच्या फेरीबोटीला गाड्यांची रांग लागते, होमस्टेवाल्यांना जेवायला फुरसत नसते. तेव्हा पाहुण्यांना सांगता येतं, "थिंग्ज विल काम डाउन इन जून." म्हणजे धावपळ कमी होईल.

दुसऱ्याला शांत करायचं असेल तर "आय काम्ड हिम डाउन." 'हिम', 'हर', 'देम' मध्येच बसतात. "काम्ड डाउन हिम" हे चूक. 'द कस्टमर' असं नाम असेल तर मध्ये घाला किंवा शेवटी, दोन्ही चालतं.

आता ती अवघड जागा. समोरच्याला थेट "काम डाउन" म्हटलं की ती आज्ञा होते. लहान मुलाला, जवळच्या मित्राला ठीक आहे. पण पैसे दिलेल्या माणसाला त्यात ऐकू येतं, 'तुम्ही उगाच आरडाओरडा करताय.' मराठीतही तेच. चिडलेल्याला "अहो, जरा शांत व्हा की" म्हणून बघा. "मी शांतच आहे!" असं ओरडून उत्तर मिळेल. 'प्लीज' लावून फरक पडत नाही.

त्याऐवजी: "आय अंडरस्टँड, सर. प्लीज सेंड मी अ फोटो." मग, "आय विल रिप्लेस द बॅड वन्स." हे तिसरं वाक्य खरंच बदलून देणार असाल तरच. तुमचा नियम सीझनआधी ठरवून ठेवा, फोनवर सुचत नाही. साक्याची माहिती त्यानंतर द्या: "इट इज नॉट व्हिजिबल फ्रॉम आउटसाइड." हेच आधी बोललात तर सबब वाटते.

जवळचे दोन शब्दही बघून ठेवा. चहा, इंजिन, उकळता पाक गार होतो तो 'कूल डाउन'. रागासाठीही तो चालतो. 'सेटल डाउन' म्हणजे गडबड थांबवून बसणं, किंवा आपण "मुलगा सेटल झाला" म्हणतो ते. आणि आंब्याचा भाव उतरला तर तिथे 'काम' नको, "द रेट केम डाउन" म्हणा.