इतिहासाला पायवाट हवी

मुंबई–नागपूर समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ रोजी संपूर्ण खुला झाला आणि बुलढाणा जिल्ह्याचे मेहकर व सिंदखेड राजा हे तालुके दोन्ही महानगरांच्या जवळ आले. या लाभाला नावे ठेवण्याचे कारण नाही. परंतु ७०१ किलोमीटरच्या त्या रस्त्यावरून धावणाऱ्या प्रवाशाला दोन्ही बाजूंचा मुलूख केवळ फलकांवरील नावांपुरताच कळतो. सिंदखेड राजाला तासभर, लोणारला तासभर, आणि संध्याकाळी परत, असे पर्यटन आता अधिकच सुलभ झाले आहे. त्यातून मधल्या गावांच्या पदरी धूळ सोडली तर काय पडते, याचा विचार मात्र अद्याप कोणी केलेला दिसत नाही.

नकाशा समोर ठेवला तर या भागात एक नैसर्गिक वर्तुळ स्पष्ट दिसते. लोणारहून सुलतानपूरमार्गे मेहकर, तेथून पश्चिमेस साखरखेर्डा, पुढे सिंदखेड राजा आणि किनगाव राजा, दुसरबीड, बीबी या गावांवरून पुन्हा लोणार. सहा-सात दिवसांच्या चालीत पुरी होईल अशी ही प्रदक्षिणा आहे. एवढ्या टापूत जितका इतिहास दाटला आहे तितका महाराष्ट्रातील फार थोड्या टापूंत सापडेल.

लोणारचे विवर बेसाल्टच्या कातळात उल्कापाताने निर्माण झालेले, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे आहे. त्याचे वय पूर्वी पन्नास हजार वर्षांच्या आसपास मानले जाई. अलीकडील कालमापनाने ते पाच लाख सत्तर हजार वर्षांपर्यंत मागे नेले आहे. काठावरच्या गावात दैत्यसूदनाचे तारकाकृती मंदिर, उतारावर बारमाही धार, तळाशी कमळजा देवी आणि मध्ये खारट सरोवर. जून २०२० मध्ये हे पाणी गुलाबी झाले आणि क्षारप्रिय सूक्ष्मजीवांमुळे तसे घडल्याचे तपासणीअंती सिद्ध झाले. त्याच वर्षी सरोवराला रामसर पाणथळीचा दर्जा लाभला. विवराची कड पायी फिरल्याखेरीज त्याचा गोल आकार आणि त्याची खोली अंगाला जाणवत नाही.

मेहकरशी लोणारचे नाते लोककथेने जोडले आहे. पैनगंगेकाठच्या मेहकरात कंचनीचा महाल उभा आहे. त्याच्या माथ्यावरून कमळजेच्या देवळातील दिवा दिसावा, एवढी उंची गाठण्याची कंचनीची आकांक्षा होती, असे लोक सांगतात. मेहकरचे कवी ना. घ. देशपांडे यांनी ही कथा आपल्या काव्यात घेतली. मोटारीने गेलेल्यास लोणार आणि मेहकर ही दोन स्थळे होतात. पायी जाणाऱ्यास मात्र दिवा आणि महाल यांमधले अंतर पावलापावलाने कळते, आणि ते अंतरच त्या कथेचा प्राण आहे.

साखरखेर्ड्याकडे तर पर्यटक वळतच नाही. याच परिसरात ऑक्टोबर १७२४ मध्ये निजाम-उल-मुल्कने मुबारिजखानाचा पराभव केला. मुबारिजखान रणात पडला आणि हैदराबादच्या आसफजाही राज्याचा पाया घातला गेला. विजयाची खूण म्हणून गावाचे नाव फत्तेखेर्डा ठेवले गेले. लोकांनी मात्र जुनेच नाव चालू ठेवले. ज्या लढाईने सव्वादोनशे वर्षे दक्षिणेचा नकाशा ठरविला, तिचे स्थान दाखविणारी एखादी शिळा वाटसरूला मिळावी, ही अपेक्षा अवाजवी म्हणता येईल काय?

सिंदखेड राजा हे राजमाता जिजाऊंचे जन्मस्थान. दर वर्षी १२ जानेवारीस येथे जनसागर लोटतो. इतर दिवशी लखुजी जाधवरावांची भव्य समाधी, नीळकंठेश्वर, मोती तलाव आणि पुतळा बारव शांत उभी असतात. १६२९ मध्ये देवगिरीच्या किल्ल्यात लखुजींची पुत्रांसह हत्या झाली. पण त्यांच्या घराण्याची सत्ता किती दूरवर पसरली होती, हे सिंदखेडच्या वाड्यात उमगत नाही. किनगाव राजा, आडगाव राजा, देऊळगाव राजा अशी गावांची नावे ओलांडीत गेले म्हणजे ते उमगते.

पायी चालणे येथील माणसाला कोणी शिकवावयास नको. शेगावच्या श्रीगजानन महाराजांची पालखी पंढरपूरहून परतताना सिंदखेड राजा, लोणार, मेहकर या वाटेनेच चालते आणि गावोगाव तिच्या पंगती उठतात. म्हणजे या वर्तुळाचा मोठा कंस वारकऱ्यांनी आधीच तुडविला आहे. उरलेला जोडावयाचा, एवढेच काम आहे.

त्यासाठी नवा रस्ता बांधण्याची मुळीच गरज नाही. गावनकाशांवर तुटक रेघांनी दाखविलेल्या गाडीवाटा, पांदणी आणि पायवाटा आहेतच. दुर्दैवाने कित्येक ठिकाणी त्या केवळ नकाशावरच उरल्या आहेत. धुरा सरकत जातो, पांदणीत बाभळी माजतात, आणि पावसाळ्यात काळ्या मातीत बैलगाडी रुतली म्हणजे शेतकऱ्याला स्वतःच्याच शेताची वाट दुसऱ्याकडे मागावी लागते. वहिवाटीचे हक्क ठरविण्याचे व अडथळे दूर करण्याचे अधिकार तहसीलदारास १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाने आणि १९६६ च्या महसूल संहितेने दिलेले आहेत. इंग्लंडने १९४९ मध्ये कायदा करून सार्वजनिक पायवाटांचे नकाशे तयार करविले, आणि तेथील ग्रामीण भागात वर्तुळाकार भ्रमणमार्ग रुजले ते या नोंदींच्या आधारावर. आपल्याकडे कायदा आहे, नकाशाही आहे. उणीव आहे ती इच्छेची.

शेतकऱ्याची शंका येथे लक्षात घेतलीच पाहिजे. परकी माणसे उभ्या पिकातून जातील, नुकसान झाले तर दाद कोणाकडे मागावयाची, हा त्याचा प्रश्न रास्त आहे. म्हणून वाट खासगी शेतातून नेऊ नये, केवळ नोंदलेल्या पांदणीतून न्यावी. कोठून न्यावी हे ग्रामसभेने ठरवावे. लोणारच्या अभयारण्यात वनखात्याची शिस्त निरपवाद पाळली जावी. चालण्याचा हंगाम कार्तिक ते माघ एवढाच असावा, कारण वैशाखातील वऱ्हाडचे ऊन कोणाची गय करीत नाही.

खर्चही फारसा नाही. अंतर सांगणारे दगड, दोहो बाजूंना कडुनिंब आणि चिंचेची झाडे, प्यावयाचे पाणी, आणि मुक्कामाला शाळेची एखादी खोली किंवा गावातील घर. भाकरी-पिठल्याचे मोल त्या घरच्या बाईच्या हाती पडेल. शिवाय मोकळी झालेली पांदण वर्षाचे चार महिने पाहुण्याची असली, तरी बाराही महिने शेतकऱ्याची राहील. स्मारकांच्या कुंपणांवर आणि दिव्यांवर होणाऱ्या खर्चातील थोडा अंश या वाटांकडे वळविला, तर पर्यटन आणि शेती या दोहोंचेही हित साधेल.

स्मारक जपले जाते ते भोवतालच्या माणसांना त्याचा उपयोग वाटतो म्हणून. महामार्ग लोकांना या प्रदेशापर्यंत आणून सोडील. प्रदेशाच्या आत त्यांना नेण्याचे काम पांदणीच करू शकतील. त्या पुरत्या बुजण्याआधी जिल्हा प्रशासनाने मोजणीची साखळी हाती घ्यावी.