तेरड्याचा रंग आणि काचेवरची वनस्पती

‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ ही म्हण ज्या कोणा चतुर निरीक्षकाने प्रथम उच्चारली असेल, त्याने वनस्पतिशास्त्राच्या एका जुन्या दुखण्यावरच नेमके बोट ठेवले होते. कारण झाडावर असता तेरड्याचा रंग निदान तीन दिवस तरी राहतो, पण तेच झाड टीपकागदांत दाबून वाळवावयास घातले की पाणीदार देठ काळवंडतो, नाजूक पाकळ्या एकमेकींना आणि कागदाला चिकटून बसतात आणि फुलामागची ती बाकदार, शेपटीसारखी नळी कोणत्या दिशेला वळली होती हे सांगणे अनुभवी जाणकारालाही कठीण होऊन बसते. ज्या जोसेफ हूकर यांनी 1872 ते 1897 या पंचवीस वर्षांत ब्रिटिश हिंदुस्थानची वनस्पतिसंपदा 7 खंडांत ग्रंथबद्ध केली, त्यांनी 1911 मध्ये वयाच्या 94 व्या वर्षी निवर्तेपर्यंत आयुष्याची अखेरची वर्षे तेरड्याच्या याच वंशाच्या अभ्यासात वेचली, आणि तो अभ्यास त्यांना बहुतांशी अशाच वाळून चपट्या झालेल्या, रंगहीन नमुन्यांवर करावा लागला. त्या वृद्ध पंडिताच्या मेजावर ताज्या फुलाची यथातथ्य, मोजता येण्याजोगी प्रतिमा कोणी ठेवू शकला असता तर त्यांचे किती श्रम वाचले असते, हा विचार मनात आल्यावाचून राहत नाही. आज अशी प्रतिमा तयार करण्याचे साधन शाळा-कचेऱ्यांतून कागदपत्रांच्या नकला काढण्यासाठी सर्रास वापरले जाते. ते म्हणजे सपाट काचेचा स्कॅनर.

वनस्पती वाळवून कागदावर चिकटविण्याच्या पद्धतीचे श्रेय सोळाव्या शतकातील इटालियन वैद्य लुका गिनी यांना दिले जाते. तेव्हापासून जगभर असे वनस्पतिसंग्रह वाढत गेले. आज त्यांची संख्या तीन हजारांच्या वर असून त्यांतील नमुने 40 कोटींच्या घरात जातात. आपल्याकडे हावडा येथील केंद्रीय संग्रहात सुमारे 20 लाख नमुने आहेत. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील ब्लॅटर हर्बेरियम, पुण्यातील भारतीय वनस्पति सर्वेक्षणाचे पश्चिम विभागीय कार्यालय आणि आघारकर संशोधन संस्था येथील संग्रह महाराष्ट्राच्या वनश्रीचे विश्वसनीय दफ्तर होत. दफ्तर हा शब्द मी विचारपूर्वक योजतो आहे. नमुनापत्राच्या उजव्या कोपऱ्यात खाली चिकटविलेल्या चिठ्ठीवर वनस्पतीचे नाव, गोळा केल्याचा दिवस, ठिकाण, अधिवास, गोळा करणाराचे नाव आणि त्याचा अनुक्रमांक इतका तपशील नोंदलेला असतो, आणि अमुक वनस्पती अमुक वर्षी अमुक डोंगरावर फुललेली होती याचा तो बिनतोड दाखला ठरतो. चिठ्ठी हरवलेला नमुना म्हणजे केवळ वाळका पालापाचोळा.

परंतु या दाखल्यात काही रकाने सक्तीने रिकामेच राहतात. पावसाळ्यात बांधाबांधावर उगवणाऱ्या केन्याचे निळे फूल दुपारपर्यंत आपोआप विरघळल्यासारखे मिटून जाते, मग ते दाबून वाळविल्यावर त्याचे काय उरणार? अनेक ऑर्किडे वाळताना काळी पडतात. कळलावीच्या पाकळ्यांतील पिवळ्याकडून तांबड्याकडे जाणारी छटा कागदावर तपकिरी होते. सापकांद्याचा फणा चपटा होऊन त्याच्या आतली रचना दडपली जाते. चिठ्ठीवर ‘फुले निळी’ असे लिहून संग्राहक आपले कर्तव्य बजावतो; पण आकाशी, गोकर्णी, जांभळट या निळाईच्या नाना छटांपैकी नेमकी कोणती, हे त्या दोन शब्दांतून पुढच्या पिढीला कळावे अशी अपेक्षा करणे अन्यायाचे होईल. ताजी वनस्पती स्कॅन करून ठेवण्याचा उपक्रम नेमका हे रकाने भरून काढतो.

कृती सोपी आहे, पण बेफिकिरीने केलेली चालत नाही. तेरड्याचेच उदाहरण घेऊ. झाड सकाळी, पूर्ण उमललेल्या फुलांसह, मुळापासून काढावे. माती पाण्याने हलकेच धुऊन ते मऊ कापडावर निथळू द्यावे, कारण काचेवर सांडलेला पाण्याचा एक थेंबही चित्रात भिंगासारखा चमकतो आणि खालच्या शिरा वेड्यावाकड्या दाखवितो. स्कॅनर खालून पाहतो, तेव्हा जी बाजू दाखवावयाची ती काचेकडे तोंड करून ठेवावी लागते. मांडणी करणाऱ्याला आपली रचना पाठीमागूनच पाहावी लागते आणि ती समोरून कशी दिसेल याचा अंदाज मनाने बांधावा लागतो. एक पान सुलटे, एक उलटे. एक फूल समोरून, एक बाजूने, म्हणजे मागची नळी पूर्ण लांबीत दिसेल. एक फूल धारदार पात्याने उभे कापून, म्हणजे आतले पुंकेसर दिसतील. शक्य झाल्यास एक कळी आणि एक फळ. तेरड्याचे पिकलेले फळ मात्र बोट लागताच तडकून बिया उधळते, म्हणून अर्धवट कच्चेच निवडावे. शेजारी मिलिमीटरच्या खुणांची पट्टी आणि रंगांची प्रमाणपट्टी अवश्य ठेवावी. पट्टीवाचून आकार आणि प्रमाणरंगावाचून छटा पुढे पडताळता येत नाही.

झाकण लावू नये, ते लावले की फुले चिरडतात. ते उघडे ठेवून खोलीत अंधार करावा, किंवा काचेच्या कडांना उंच ठोकळे ठेवून त्यांवर काळी मखमल पसरावी. मग परत येणारा प्रकाश केवळ वनस्पतीवरून येतो आणि मागची पार्श्वभूमी गडद काळी राहते. या काळेपणावर देठावरची बारीक लवसुद्धा उठून दिसते, परंतु गळालेला प्रत्येक परागकणही पांढऱ्या ठिपक्याच्या रूपाने उमटतो, म्हणून दर नमुन्यानंतर काच पुसण्याचा कंटाळा करता कामा नये.

यंत्राची निवड करताना एक भेद ध्यानी घ्यावा. हल्लीचे पातळ, स्वस्त स्कॅनर बहुधा सीआयएस जातीचे असतात. त्यांची दृष्टी काचेला चिकटलेल्या पृष्ठभागापुरतीच तीक्ष्ण असते आणि काचेपासून थोडे वर उचललेले पान धूसर येते. जुन्या धाटणीचे, जाड बांध्याचे सीसीडी स्कॅनर आरसे आणि भिंग यांच्या साहाय्याने पाहतात, त्यामुळे काही मिलिमीटर उंचीवरचे भागही त्यांना स्पष्ट टिपता येतात, आणि वनस्पतींसाठी तेच उपयुक्त. दर इंचास 600 बिंदू या घनतेने ए-फोर आकाराच्या काचेचे चित्र घेतले म्हणजे त्यात सुमारे साडेतीन कोटी बिंदू येतात, म्हणजे एकेक बिंदू मिलिमीटरच्या पंचविसाव्या हिश्श्याहून थोडा मोठा. गवताची फुले किंवा नेच्याच्या पानामागचे बीजुकांचे ठिपके यांसाठी 1200 ची घनता घ्यावी. मूळ प्रतिमा टिफ स्वरूपात, काटछाट न करता राखावी. संक्षेप न करता ठेवलेली अशी एक प्रतिमा शंभर मेगाबाइटच्या आसपास जागा घेते, तेवढी ती खुशाल घेऊ द्यावी.

प्रतिमेने काय साधते, असा प्रश्न विचारणाऱ्यांना बर्लिनची हकीकत सांगावीशी वाटते. 1929 पासून शिकागोच्या फील्ड म्युझियमचे वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रान्सिस मॅकब्राइड यांनी बर्लिन व युरोपातील इतर संग्रहांत बसून, ज्या मूळ नमुन्यांवरून वनस्पतींना नावे दिली गेली, अशा हजारो नमुनापत्रांची छायाचित्रे घेतली. काम कंटाळवाणे होते आणि पुष्कळांना ते अनावश्यकही वाटले असेल. मार्च 1943 मध्ये बाँबहल्ल्यात बर्लिनचा संग्रह पेटला आणि लाखो नमुने भस्मसात झाले. त्यांपैकी कित्येकांविषयी शास्त्राजवळ आज जो एकमेव दृश्य पुरावा आहे, तो म्हणजे मॅकब्राइड यांची ती करडी छायाचित्रे होत.

तरीही प्रतिमा ही वनस्पती नव्हे, हे या कामात पडणाऱ्याने प्रथमपासून मान्य करावे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला आयर्लंडात दुष्काळ घडविणाऱ्या बटाट्याच्या करप्या रोगाचा नेमका वाण 2013 मध्ये शास्त्रज्ञांनी ओळखला, तो संग्रहांत जपलेल्या रोगट पानांतून डीएनए काढून. स्कॅन कितीही सुंदर असला तरी त्यातून डीएनए निघत नाही. नव्या वनस्पतीला नाव द्यावयाचे तर आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे कायमचा जतन केलेला प्रत्यक्ष नमुनाच लागतो, केवळ चित्राने भागत नाही. तेव्हा योग्य रीत अशी की, ज्या झाडाचा स्कॅन घेतला तेच झाड त्याच दिवशी दाबून वाळवावे आणि चित्राला व नमुन्याला एकच क्रमांक द्यावा. वाळका नमुना देह राखतो, चित्र रूप राखते; दोहोंना जोडणारा क्रमांक चुकला तर दोन्ही निराधार होतात. या क्रमांकाखाली गाव, तालुका, अक्षांश-रेखांश, उंची, तारीख, स्थानिक नाव आणि ते नाव सांगणाऱ्याचा निर्देश इतका मजकूर वहीत आणि संगणकात दोन्हीकडे असावा. आणि प्रतिमांच्या दोन प्रती दोन वेगळ्या इमारतींत ठेवाव्यात. बर्लिनची आठवण त्यासाठी पुरेशी आहे.

या छंदाला एक मर्यादा कटाक्षाने घालावयास हवी. कासच्या पठारावर जाऊन फुले तोडणे हा गुन्हा आहे आणि पापही. वायतुऱ्यासारखी सह्याद्रीच्या मोजक्या पठारांवरच उरलेली वनस्पती कोणत्याही स्कॅनरच्या मोहासाठी उपटू नये. तशी गरजही नाही. घराभोवतीचा केना, टाकळा, दगडीपाला, कुर्डू, तेरडा, शेताच्या बांधावरची गवते या ‘तणां’चे रंगरूप दाखविणाऱ्या विश्वसनीय, क्रमांकित प्रतिमा गावोगाव नाहीत, आणि शेते जाऊन इमारती आल्या की यांतले काय नाहीसे झाले हे सांगण्यास साक्षीदारही राहणार नाही.

जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीला लोक जैवविविधता नोंदवही ठेवण्याचे काम नेमून दिले आहे. गावच्या शाळेतील शिक्षकांनी आणि विद्यार्थ्यांनी, जवळच्या महाविद्यालयातील वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांची मदत घेऊन, येत्या पावसाळ्यात शाळेच्या कचेरीतला स्कॅनर रविवारी एक दिवस या कामाला लावावा आणि तयार झालेली क्रमांकित चित्रे त्या नोंदवहीला जोडावीत, अशी माझी कळकळीची विनंती आहे. सुरुवात तेरड्यापासून करावी. गौरीच्या दिवसांत तो हवा तेवढा मिळतो.